घाम सुकतो का?

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघालं की पेण, वडखळ, नागोठणे मागे पडतात, सुकेळी खिंडीचा चढ येतो आणि ती उतरून खांब ओलांडलं की कोलाड. थंडी सुरू झाली की या रस्त्यावर लांब पल्ल्याचे सायकलस्वार दिसू लागतात आणि मार्च उजाडला तरी ते थांबत नाहीत. काही मुंबई-पुण्याचे असतात, काही थेट युरोपातून सुट्टीवर आलेले. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पिशव्या लावलेल्या असतात, हँडलला मोबाइल अडकवलेला असतो आणि बेत गोव्याचा असतो. यातला एखादा पाहुणा कोलाड नाक्यावर टपरीच्या सावलीत टेकलेला असला तर त्याच्याकडे जरा नीट पाहावं. सदरा अंगाला चिकटलेला, हनुवटीवरून आणि कोपरांवरून घाम टपटप गळतोय, चेहरा लालबुंद. स्पेनमध्ये त्याने ३८ अंशांत दिवसभर सायकल हाकलेली असते. इथे पारा ३४ वर असतो आणि तरीही तो पार गळून गेलेला असतो.

त्यात त्याच्या तब्येतीचा दोष नसतो. आपण फक्त पाऱ्याचा आकडा पाहून हवेची परीक्षा करतो, तिथेच चुकतं. उन्हात सायकल चालवणाऱ्याने आधी पाहायला हवं ते एकच: अंगावरचा घाम सुकतोय का?

यामागचा हिशेब सोपा आहे. खाल्लेल्या अन्नातली जी ऊर्जा स्नायू वापरतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा पायडलपर्यंत पोचतो. उरलेली सगळी उष्णता होते. सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर ताशी १८-२० किलोमीटरने नेताना पायडलवर साधारण १०० वॅट पडतात, म्हणजे त्याच वेळी शरीरात ३०० ते ४०० वॅट नुसती उष्णता तयार होत असते. स्वस्थ बसलेल्या माणसाची हीच उष्णता १०० वॅटच्या आत-बाहेर असते. चढ लागला की आकडा सहज दुप्पट होतो. हवा त्वचेपेक्षा गार असेल तर ही उष्णता आपोआप बाहेर जाते. त्वचा असते साधारण ३५ अंशांची. हवा त्याच्या जवळ आली की तो मार्ग बंद होतो आणि मग सगळी भिस्त घामावर राहते.

घाम हे काम फार चोख करतो. एक लीटर घाम अंगावरच पूर्ण सुकला तर तो सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात एवढा घाम सुकला तर जवळजवळ ६७० वॅट बाहेर पडले, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या सायकलस्वाराला पुरून उरले. अट एवढीच की तो सुकला पाहिजे. गळून डांबरावर पडलेल्या घामाने शरीरातलं पाणी नेलं, मीठ नेलं आणि गारवा मात्र दिला नाही. टपरीच्या सावलीतल्या त्या पाहुण्याचं नेमकं हेच झालेलं असतं.

ही गोष्ट विज्ञानाला बरीच आधी कळली होती. १७७५ च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅगडेन आणि त्याचे मित्र १२० अंश सेल्सियसच्याही वर तापवलेल्या खोलीत शिरले, काही मिनिटं थांबले आणि धडधाकट बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजून निघाला. हवा कोरडी होती, घाम भराभर सुकत होता, म्हणून माणसं वाचली. पुढे १९०५ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणींतली हवा आणि तिथे राबणारी माणसं यांचा अभ्यास केला. त्याने दाखवून दिलं की माणसाला सोसेल की नाही हे साध्या तापमापकावरून कळत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवतो, म्हणजेच वेट बल्ब तापमान, त्यावरून ते कळतं. फडकं जितकं झपाट्याने सुकेल तितका हा आकडा खाली येतो. हॉल्डेनच्या निरीक्षणानुसार पडलेल्या हवेत वेट बल्ब ३१ अंशांच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचंही अंग तापत जातं, आणि कष्ट करणाऱ्याची मर्यादा त्याहून बरीच खाली असते. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तरुण, निरोगी माणसांवर आधुनिक उपकरणांनी प्रयोग केले. दमट हवेत त्यांचाही आकडा ३१ च्या आसपासच आला. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, खाणीत उतरून केलेल्या निरीक्षणाला मिळालेली ही दाद मला फार मोलाची वाटते.

आता आपल्याच राज्यातल्या दोन हवा शेजारी ठेवू. नागपूरची मे महिन्यातली दुपार: ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. वेट बल्ब येतो २३ च्या आसपास. कोलाडची एप्रिलमधली दुपार: ३६ अंश, आर्द्रता ५५ टक्के. वेट बल्ब २८ च्या पुढे. पाऱ्यात नागपूर आठ अंशांनी पुढे, पण घाम सुकण्याच्या हिशेबात कोलाड पाच अंशांनी जास्त कठीण. नागपूरचं ऊन सौम्य असतं असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. तिथे धोका वेगळा आहे. घाम निघताक्षणी सुकतो, दिसतच नाही, आणि शरीरातलं पाणी किती गेलं हे कळेपर्यंत जीभ कोरडी पडलेली असते. कोरड्या उन्हात बाटलीकडे लक्ष हवं, दमट उन्हात वेगाकडे. घाम सुकत नसताना कितीही पाणी प्यायलं तरी ते फक्त घामाची भर करतं. उष्णता कमी करायची तर पाय हळू चालवणं आणि अंगाला वारा लागू देणं हाच उपाय उरतो.

दमट उन्हाच्या ताकदीबद्दल ज्याला शंका असेल त्याने कोलाडच्याच जिल्ह्यातला १६ एप्रिल २०२३ चा दिवस आठवावा. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसं उघड्या उन्हात बसली होती. पारा ३८ च्या आसपास होता. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. ती माणसं सायकल चालवत नव्हती, बसलेली होती.

कोलाडच्या हवेला स्वतःचा भूगोल आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, मधोमध कुंडलिका नदी, आणि समुद्र रेवदंड्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर नाही. मार्चमध्ये वारा पूर्वेकडून असला की देशावरची कोरडी हवा घाट उतरून खाली येते. खाली येणारी कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे एक अंश तापते. मुळशीच्या माथ्यावरून भिऱ्यापर्यंतची उतराई ५०० मीटरच्या आसपास धरली तरी पाच अंशांची भर केवळ उतरण्याने पडते. डोंगरांच्या कोंडाळ्यात बसलेलं भिरा यामुळेच तापतं. २८ मार्च २०१७ रोजी तिथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि हे गाव देशभरच्या बातम्यांत आलं. आकडा इतका मोठा होता की शंका घेतल्या गेल्या आणि हवामान खात्याने पाहणीसाठी पथकही पाठवलं. आकड्याचा वाद बाजूला ठेवला तरी पूर्वेचा वारा सुटलेल्या मार्चच्या दुपारी या खोऱ्यात सायकल काढू नये, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि वारा फिरून पश्चिमेकडून आला की दमटपणा घेऊन येतो. अलिबाग-मुरुडला खारा वारा आधी पोचतो, कोलाडला उशिरा. त्यात भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी. १९२७ पासून चालू असलेल्या टाटांच्या या केंद्रात मुळशी धरणाचं पाणी वीज करून कुंडलिकेत उतरतं. त्याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं आणि त्यावरच कालव्यांखाली उन्हाळी भातशेती उभी राहते. भर एप्रिलमध्ये डोळ्यांना सुखावणारी हिरवीगार खाचरं हवेत ओल सोडत असतात. पर्यटकाला जे देखणं वाटतं, त्याचाच वाटा त्याच्या घामात असतो.

सायकलस्वाराकडे पायी चालणाऱ्यापेक्षा एक मोठी सवलत असते, ती म्हणजे स्वतःच्या वेगाने तयार होणारा वारा. ताशी २० किलोमीटरने जाताना अंगावर सतत तेवढाच वारा येतो आणि घाम सुकत राहतो. म्हणून सपाट रस्त्यावर ऊन जाणवत नाही आणि थांबताक्षणी अंगातून धारा लागतात. ही सवलत काढून घेणाऱ्या दोन जागा कोलाडच्या दोन्ही अंगांना आहेत. उत्तरेला सुकेळी खिंड: वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो, बाजूने मालट्रक गरम धूर सोडत रांगत असतात, डांबर खालून तापलेलं. पूर्वेला विळ्यावरून चढणारा ताम्हिणी घाट, आणि तिथला सापळा आणखी चिवट आहे. दुपारी पश्चिमेचा वारा पाठीवर येतो. वारा ताशी दहाचा आणि सायकलही ताशी दहाची, म्हणजे अंगाला लागणारा वारा शून्य. पाठीवरचा वारा एरवी सायकलस्वाराला हवाहवासा असतो, पण उन्हातल्या चढावर तोच घातकी. उलट दुपारनंतर रोह्यावरून चणेरा-साळावमार्गे रेवदंड्याकडे निघालात तर वारा तोंडावर येतो. पायांना त्रास होतो, पण अंग निवतं. घाट चढायचा तर पहाटे, समुद्राकडे जायचं तर दुपार कलल्यावर, एवढं वेळापत्रक या भागापुरतं पुरे.

पहाटेबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. सकाळी सहाला मोबाइलवर आर्द्रता ९० टक्के दिसते आणि दुपारी ५५. मग दुपार बरी, असं परगावचे लोक म्हणतात. हवा गार असली की तेवढ्याच बाष्पाने टक्केवारी फुगते, एवढाच तो प्रकार. २४ अंश आणि ९० टक्के म्हणजे वेट बल्ब २३ च्याही खाली. टक्केवारी पाहून पहाट वाया घालवू नये.

शरीर मात्र शिकतं, आणि ही या सगळ्या विषयातली सर्वांत दिलासा देणारी बाजू आहे. रोज तास-दीड तास उन्हात मेहनत केली की पहिल्या तीन ते पाच दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो आणि त्याच वेगाला नाडी कमी धावते. आठवडाभरात घाम लवकर फुटू लागतो, जास्त येतो आणि कमी खारट होतो. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बदल पूर्ण होतात. सराव सुटला की काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. सुट्टीवर आलेल्या माणसाची अडचण इथेच आहे. त्याची सुट्टी दोन आठवड्यांची, आणि शरीर तयार होतं तेव्हा परतीचं विमान उभं असतं. जर्मनीच्या जानेवारीतून उतरून तिसऱ्या दिवशी सुकेळी चढणाऱ्याचं शरीर अजून जर्मनीतच असतं.

आपली माणसं परदेशी जातात तेव्हाही नियम हाच. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे फेरी पुरी करून १८ मार्च १९२८ ला परतले. इराण-इराकच्या वाळवंटी वाटा त्यांनी त्या काळच्या सायकलींवर पार केल्या. मुंबईहून ते टप्प्याटप्प्याने जमिनीवरूनच गेले, त्यामुळे हवा बदलत गेली तसं शरीरही बदलत गेलं. विमानाने आपल्याकडून हा अवधी काढून घेतला आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अतिदीर्घ शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये सैन्यातले श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटरची ही शर्यत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरून सुटते आणि पहिल्याच टप्प्यात वाळवंटात शिरते. नागपूरच्या उन्हात तयार झालेल्या माणसाला ते कोरडं ऊन अनोळखी नव्हतं.

म्हणून परदेशात सायकल भाड्याने घेण्याआधी ठरवावं की ती हवा नागपूरची आहे की कोलाडची. सेव्हिल, कॉर्दोबा, माराकेश ही नागपूरच्या जातीची. सिंगापूर, बाली, मॉरिशस, व्हिएतनामचं होई अन ही कोलाडच्या जातीची. दुबईबद्दल मात्र फसगत होते. वाळवंट म्हणून हवा कोरडी असेल असं आपण धरून चालतो, पण ऑगस्टमध्ये इराणच्या आखातावरून येणारी हवा जगातल्या सर्वांत दमट आणि तप्त हवांपैकी असते. मुलाकडे किंवा लेकीकडे तिथे गेलेल्यांनी तेव्हा सायकलचा नाद करू नये. शिवाय कोकणात जन्मलेला माणूसही वातानुकूलित घर, गाडी आणि कचेरी यांत वर्ष काढत असेल तर त्याने जन्मगावच्या भरवशावर राहू नये. उन्हाची सवय गेल्या काही आठवड्यांची मोजली जाते.

पिण्याबाबत दोन्ही टोकांच्या चुका होऊन गेल्या आहेत. १३ जुलै १९६७ रोजी तूर द फ्रान्समध्ये इंग्लंडचा टॉम सिम्पसन माँ व्हाँतूच्या रखरखीत चढावर कोसळला आणि गेला. वय २९. त्याच्या रक्तात उत्तेजक औषध आणि मद्य सापडलं, आणि चर्चा त्यावरच थांबली. पण त्या काळी स्पर्धकाने दिवसभरात किती बाटल्या घ्यायच्या यावरही बंधन होतं, ही गोष्टही तितकीच गंभीर आहे. दुसरं टोक: २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं, आणि त्यामागचं मोठं कारण होतं पाण्याचा अतिरेक. तहान लागली की प्यावं, आणि घामासोबत मीठ जातं हे लक्षात ठेवावं. एक लीटर घामात साधारण दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं, माणसागणिक कमी-जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत एका लीटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. साखर लागते कारण ती आतड्यातून सोडियमला आणि त्यामागून पाण्याला आत ओढते.

कोकणाने हे आपल्या पद्धतीने साधलेलं आहे. सकाळची मीठ घातलेली तांदळाची पेज घ्या: भाताची पिठूळ निवळ, मीठ आणि भरपूर पाणी. ढाक्याच्या संशोधकांनी तांदळाची जलसंजीवनी तयार केली तीही याच तत्त्वावर. शेतावर जाण्याआधी वाडगाभर पेज पिणारा माणूस दिवसभराच्या घामाची तजवीज करून निघतो. सायकलवर निघणाऱ्याने हॉटेलातल्या ब्रेड-आम्लेटऐवजी घरमालकिणीकडे पेज मागावी, सोबत लोणच्याची फोड. वाटेत मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत, ताक, लिंबू सरबत. नारळपाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, तेव्हा जोडीला काहीतरी खारं हवं. ताडगोळे आणि कलिंगड मनाला जितके गार करतात तितकं मीठ देत नाहीत. आदल्या रात्री पोट बिघडलेलं असेल, ताप असेल किंवा मद्य जास्त झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सायकल भिंतीला टेकलेलीच बरी. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं किंवा सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

उष्माघाताबद्दल चुकीची समजूत अशी की घाम थांबला तरच तो खरा. मेहनत करताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असतानाच आतलं तापमान ४० च्या पुढे जातं. ओळख पटते ती वागण्यावरून. माणूस चिडचिडा होतो, असंबद्ध बोलतो, सायकल सरळ चालत नाही, कडक उन्हात काटा येतो. अशा वेळी गाडीची वाट पाहण्यात मिनिटं घालवू नयेत. अमेरिकेतल्या फालमथ इथल्या शर्यतीत १८ वर्षांत मेहनतीच्या उष्माघाताचे २७४ रुग्ण जागेवरच थंडगार पाण्याच्या टबात बुडवले गेले आणि एकही दगावला नाही. आधी गार करा, मग हलवा, हा नियम त्यातून पक्का झाला. कोलाडला टब नसेल, पण विहीर आहे, हापसा आहे, बागेला पाणी घालायचा पाइप आहे. सावलीत आडवं करून अंगावर सतत पाणी ओतावं, टॉवेलने किंवा पुठ्ठ्याने जोराने वारा घालावा, आणि शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नये. त्याला उचलून कुंडलिकेत मात्र नेऊ नका. वीजकेंद्रातून पाणी सुटलं की पात्र बघता बघता चढतं, आणि गारव्यासाठी उतरलेला माणूस प्रवाहाला लागतो.

कोलाड परिसरात घरगुती निवास आणि शेतावरची पर्यटन केंद्रं चालवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. सायकलवरून आलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवशी विचारा की तो कधी आला आणि कुठून आला. आठवडा झाला नसेल तर सकाळी अकरा ते चार त्याला निघू देऊ नका, हवं तर जेवायला बसवून ठेवा. पहाटे निघणाऱ्याला साडेपाचला पेज मिळेल अशी सोय करा. आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत लावा, मराठीत आणि इंग्रजीतही, कारण पाहुण्याला तो माहीत नसतो.